बिनतापाचा माणूस

अब्बांच्या रुमालावरचा डाग थंड पाण्यात सुटला आणि माझे हात बादलीतच थांबले.

आमच्या घरात लालसर तपकिरी डाग नसलेलं कापड शोधून सापडणार नाही. मिरजेतलं तंबोरे करणाऱ्यांचं घर आहे हे. चपडा, म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, स्पिरिटमध्ये भिजवायचा, त्यात रंग घालायचा आणि तंबोऱ्यावर हातावर हात चढवत राहायचं, हे आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चाललंय. त्यामुळे उशीच्या खोळी, पडदे, ईदचे कपडे, कुणालाच तो रंग चुकलेला नाही. पाहुण्यांना आम्ही आधीच सांगून ठेवतो, की बाबांनो, दचकू नका, हा आमचा धंदा आहे.

पण चपडा पाण्यात विरघळत नाही. स्पिरिटमध्ये विरघळतो. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि दरवर्षी पोरांसमोर दोन वाट्या ठेवून हे करून दाखवते. आणि इथे माझ्या बादलीतलं पाणी गुलाबी होत होतं.

बाकीचे रुमाल एकेक करून नळाखाली धरले. काहींचे डाग ढिम्म हलले नाहीत. काहींचे धुऊन गेले. एक तर असा निघाला, की डागाची कड तशीच राहिली आणि मधला भाग तेवढा गेला. तो मला काही उमगला नाही. ओला रुमाल हातात घेऊन मी तशीच कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे आमची पुढची खोली.

"अब्बा, खोकल्यातून रक्त पडतंय?"

ते तंबोऱ्याच्या घोडीवर वाकून जवारी काढत होते, म्हणजे तार घुमावी म्हणून घोडीचा माथा घासत होते. कानस थांबली नाही. "पडत असेल थोडंफार. घसा सुकतो गं धुळीनं. तू सुट्टीच्या दिवशी माझे रुमाल कशाला तपासतेस, पोरांच्या वह्या तपास की!" आणि ते हसले.

त्या हसण्यानेच मला धडकी भरली. चार वर्षांपूर्वी मी त्यांना कामात असं टोकलं असतं, तर ती कानस माझ्या दिशेने आली असती.

आता ते चार वर्षांपूर्वीचं सांगायलाच हवं. घरात आमची दखनी आणि मराठीची खिचडी चालते, मी ती इथे मराठीतच वाढते.

आपल्या शरीराला दोन पहारे असतात. एक शिकून तयार होणारा. गोवर एकदा आला की त्याचा चेहरा लक्षात ठेवणारा, लस दिली की धडा पाठ करणारा. दुसरा जन्मजात, आणि पहिल्यापेक्षा कितीतरी जुना. तो कुणाचं नाव-गाव विचारत बसत नाही. काटा, जंतू, बुरशी, कसला तरी स्फटिक, काहीही इथलं नाही असं वाटलं की त्या पहारेकरी पेशीच्या आत प्रथिनांचे सुटे भाग एकत्र येतात आणि त्यांचं एक चक्र जुळतं. त्याला इन्फ्लमॅसोम म्हणतात. चक्र जुळलं की पेशी बोंब ठोकते. रक्तवाहिन्या सैल होतात, पांढऱ्या पेशी धावत सुटतात, ती जागा लाल होते, सुजते, तापते, ठणकते. मेंदूलाही निरोप जातो. मग ताप चढतो, अन्न नको वाटतं, माणसं नको वाटतात.

अब्बांच्या सांध्यांत ही बोंब कारण नसताना चालू होती. चोर नसलेल्या घरात पहारेकरी लाठ्या फिरवत होते आणि फुटत होती ती घरातलीच भांडी. बोटं सुजून केळ्यासारखी झाली होती. जवारी काढायला जो केसाएवढा हात लागतो तो गेला. आणि स्वभाव? तो तर विचारूच नका. अम्मी होती तोवर ती मध्ये उभी राहायची. ती गेल्यावर आम्ही घरात चवड्यांवर चालायचो. माझ्या धाकट्या भावाने, इनायतने, घरातल्या तंबोऱ्यांचे आवाज टिपून पुण्याच्या एका कंपनीच्या फोन-तंबोऱ्यासाठी दिले, तेव्हा अब्बांनी त्याला दाराबाहेर काढलं आणि त्याचं नावही टाकलं.

मग शमक आला. डाव्या दंडात कातडीखाली बसवायची एवढीशी कुपी. रक्तातली ती बोंब ऐकायची आणि चक्र जुळू न देणारं औषध लागेल तेवढं सोडायचं, एवढंच तिचं काम. महिनाभरात अब्बांची बोटं उघडली. पुढच्या महिन्यात ते शीळ वाजवायला लागले. मला वाटलं हात आले म्हणून खूश आहेत, पण डॉक्टरांनी समजावलं, की दाह मेंदूलाही सतत डिवचत असतो. दुखण्याबरोबर तो नकोसेपणाही गेलाय. काय असेल ते असो. एके दिवशी अब्बांनी आपणहून इनायतला फोन लावला आणि "कधी येतोस?" एवढंच विचारलं. तो त्याच दिवशी आला. आता दर सुट्टीला येतो आणि दोघं जवारीवरून तासन् तास वाद घालतात, पण हसत.

मला आयुष्यात पहिल्यांदा, चाळिशी उलटल्यावर, बाप मिळाला होता. संध्याकाळी शाळेतून आले की ते विचारायचे, "आज काय शिकवलंस?" आणि उत्तर ऐकायला थांबायचे.

"उठा," मी म्हणाले. "दवाखान्यात जायचंय."

"अगं, हा तंबोऱ्यांचा जोड पुरा करायचाय..."

"उठा म्हणते ना."

डॉक्टर मगदूम बाईंनीच अब्बांना शमक बसवला होता. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात शिकून गेला, म्हणून त्या मला मॅडम म्हणतात. रविवार असूनही त्या आल्या. ताप पाहिला, नव्हता. रक्त पाहिलं, दाहाची सगळी मापं खाली. अब्बांच्या फोनवर शमकचा हिरवा ठिपका चमकत होता.

"बघा!" अब्बा म्हणाले. "घोडा आहे घोडा. आमच्या पोरीला उगाच घोर."

डॉक्टर हसल्या नाहीत. "याकूबचाचा, हल्ली काम कसलं चाललंय?"

"भोपळे आलेत नवे, भीमाकाठचे. ते निवडतोय, कोरतोय."

"निवडता कसे?"

हा प्रश्न विचारला की अब्बांना राहवत नाही. हातवारे करत ते सांगू लागले. सुकलेल्या भोपळ्याचं तोंड कापायचं, त्या तोंडाला आपलं तोंड लावायचं आणि आत सा सोडायचा. भोपळा तो आत फिरवून परत देतो. मग दम तसाच आत ओढायचा, म्हणजे वासही कळतो, की आतून किडलाय की खणखणीत आहे. आमच्या घराण्याची रीतच आहे ती. त्यांच्या आजोबांनी त्यांच्या तोंडाला असाच भोपळा लावला होता.

"आत काय असतं?"

"बिया, सुकलेला गर. काळी-हिरवी बुरशी असते थोडी. ती काय, पुसली की गेली."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मला ते पाहूनच कळलं. आमच्या खोलीत ही धूळ जन्मापासून आहे आणि मी, सूक्ष्मजीवांचा धडा डोळे मिटून शिकवणारी बाई, त्या भोपळ्यांच्या शेजारी बसून चहा पीत होते.

स्कॅन झाला. उजव्या फुप्फुसात एक गाठ दिसली, लिंबाएवढी, भोवती धूसर वलय असलेली. इनायत पुण्याहून पोचला तोवर अब्बांच्या फुप्फुसातलं पाणी काढून तपासायला गेलं होतं. डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर बाकावर बसवलं.

"बुरशीचे बीजाणू आपण सगळेच रोज श्वासातून घेतो," त्या म्हणाल्या. "जन्मजात पहारा त्यांना तिथल्या तिथे गिळून टाकतो. आपल्याला पत्ताही लागत नाही. चाचांचा पहारा आपण झोपवलाय. मला वाटतं, बुरशी आत रुजली आहे. आणि ओरडायला कुणी जागं नाही, म्हणून ताप नाही, दुखणं नाही. त्यांना खरंच बरं वाटतंय."

"वाटतं म्हणजे? खात्री नाही?" इनायत म्हणाला.

"खात्री उद्या दुपारी. तो कदाचित धुळीचा जुना व्रणही असेल. पण ती गाठ एका मोठ्या रक्तवाहिनीला लागून आहे. बुरशी असेल तर ती वाहिनीत शिरते. वाहिनी फुटली तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"मग बुरशीवरचं औषध द्या ना."

"सुरू केलंय. औषध तिला अडवून धरतं. साफ करायला त्यांच्याच पेशी लागतात. शमक बंद करावा लागेल."

"अर्धा बंद करा."

"हा होत नाही अर्धा. पुढचा येतोय, तो होईल. हा एक तर चालू, नाही तर कायमचा बंद. आणि चार वर्षं दाबलेली आग एकदम उसळेल. बोटांचे सांधे वाचतील असं मी सांगू शकत नाही."

हे सगळं ऐकताना इनायत माझ्याकडे पाहत होता, आणि का ते मला ठाऊक होतं. शमक बसवताना घरातल्या एकाला राखणदार नेमावं लागतं. हा इलाज चालू असताना माणसाला आपण आजारी आहोत हे कळेलच असं नाही, म्हणून तसा नियमच आहे. रुग्ण नाही म्हणाला तरी राखणदार अंगठा लावून शमक बंद करू शकतो. डॉक्टर तसं करू शकत नाहीत. अब्बांची राखणदार मी होते. इनायत त्या वेळी घरात नव्हता, आणि दुसरं होतं कोण?

"आपा, उद्या दुपारपर्यंत थांब," इनायत म्हणाला. त्याचा आवाज लहानपणी मार खाण्याआधी व्हायचा तसा झाला होता. "बुरशी नसली तर? तू त्यांचे हात फुकट घालवशील. मला आत्ता कुठे बोलायला लागलेत गं ते."

मी खरं सांगते. मला अब्बांच्या हातांची तेवढी पडली नव्हती. तंबोरे काय, फोनमध्येही वाजतात. मला तो "आज काय शिकवलंस" विचारणारा माणूस हवा होता. शमक बंद केला की तो जाणार होता आणि जुना परत येणार होता, आणि जुन्याची मला अजून भीती वाटत होती. म्हणून इनायतचं म्हणणं मला गोड लागलं. थांबावं, उद्या दुपार काय लांब आहे, असं मीही मनात म्हणू लागले.

आत गेलो तर अब्बा उशीला टेकून नर्सला तंबोरा आणि सतार यांतला फरक समजावत होते. आम्ही त्यांना सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले आणि बोटं एकेक करून उघडमीट करून दाखवली.

"बंद करायचा नाही," ते म्हणाले. "मला काही झालेलं नाही."

बोलता बोलता त्यांना खोकला आला. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून रुमाल काढला, तोंडाला लावला आणि चटकन घडी करून उशीखाली सरकवला. तो रुमाल जुना, डागाळलेला होता. घरातून निघताना मी त्यांच्या खिशात नवाकोरा रुमाल घातला होता.

मी उशीखाली हात घातला. त्यांनी माझं मनगट धरलं, पण मी सोडवलं. रुमालावर चपड्याचा वाळलेला ओघळ होता आणि त्यात ताजं लाल. आणि मग तो बादलीतला, कड राहिलेला आणि मधला भाग गेलेला डाग मला उमगला.

"अब्बा, तुम्ही रुमालांना मुद्दाम चपडा लावत होता."

इनायतला काही कळेना. "कशाला?"

"रक्त दिसू नये म्हणून. मी कपडे धुते, म्हणून माझ्यापासून." मी अब्बांकडे पाहिलं. "तुम्हाला ठाऊक होतं."

"बसवताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं," ते म्हणाले. "काही वेगळं दिसलं तर लगेच या. आलो असतो तर यांनी काढून घेतला असता. जुले, मी हातांशिवाय दहा वर्षं काढली आहेत. तू ती बाहेरून बघितलीस. मला परत तिथे जायचं नाही. त्यापेक्षा हात चालू असताना गेलेलं बरं. माझा जीव आहे, मी ठरवलंय."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"आणि आम्ही?" मी विचारलं.

"तुम्ही मोठे झालात."

मला त्या क्षणी त्यांचा असा संताप आला, की सांगता सोय नाही. आमच्याशी हसत बोलत, चहा पीत, हा माणूस रुमाल रंगवत होता. हे हसणं मला हवं होतं ना? घ्या. इनायत त्यांच्या पायाशी बसून म्हणत होता, "अब्बा, तुम्ही म्हणाल तसं, तुम्ही म्हणाल तसंच करू." मी डॉक्टरांना हाक मारली.

त्यांनी शमक बंद करायचं यंत्र आणलं. हातात मावेल एवढं, काचेचा चौकोन असलेलं. ते अब्बांच्या दंडाला लावलं. दोनदा विचारलं, "मॅडम, नक्की?"

"जुलेखा," अब्बा म्हणाले, "तुला अम्मीची शपथ आहे."

मी अंगठा काचेवर ठेवला. काचेने पहिल्यांदा तो घेतलाच नाही. मी पदराने पुसून पुन्हा दाबून धरला. हिरवा ठिपका गेला.

"आजपासून तू मला मेलीस," अब्बा म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

संध्याकाळपर्यंत काहीच झालं नाही. दर थोड्या वेळाने नर्स ताप बघायची आणि मान हलवायची. इनायत माझ्यापासून लांबच्या बाकावर बसला होता. मला वाटायला लागलं, पेशी जाग्या व्हायलाच विसरल्या असतील. चार वर्षं झोपलेल्या त्या. आणि वाहिनी आत्ता फुटली तर मी त्यांचा शेवटचा दिवस त्यांच्या शिव्यांत घालवला असं होईल.

दिवेलागणीला अब्बांना हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. दोन गोधड्या घातल्या तरी पलंग हलत होता. नर्सने ताप पाहिला आणि डॉक्टरांना आवाज दिला. डॉक्टर धावत आल्या, आकडा पाहिला आणि चक्क माझा हात दाबला. "आला! ताप आला, मॅडम!" बापाला सणसणून ताप भरलाय म्हणून आनंदाने रडणारी त्या दवाखान्यात मी पहिलीच असेन.

दुसऱ्या दिवशी दुपारी तपासणीचा निकाल आला. बुरशीच होती. इनायतने तो वाचला आणि माझ्याजवळ येऊन बसला. आतून अब्बांचा आवाज येत होता. त्यांच्या बोटांचे सांधे लाल होऊन फुगले होते, चादरीचा स्पर्शही सोसवत नव्हता. डॉक्टर वेदनेची औषधं देत होत्या, पण दाह दाबायचं औषध देता येत नव्हतं. तो दाहच त्यांना वाचवत होता. अब्बा ओरडून मला जे जे बोलले ते सगळं मी दारात उभी राहून ऐकलं. आत जायची हिंमत नव्हती आणि तिथून हलवतही नव्हतं.

गाठ आटायला उन्हाळा गेला. अब्बा वाचले. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट सरळ राहिलं, बाकीची वाकली ती वाकलीच. इनायतने पुण्याची नोकरी घरून करायचं ठरवलं आणि राहिलेला जोड अब्बांच्या शिव्या खात पुरा केला. शिव्या त्याला मिळायच्या. मला तेवढंही नाही. मी समोर असले तरी ते त्याला सांगायचे, "तुझ्या बहिणीला म्हणावं, चहात साखर जास्त झालीय." मी साखर कमी करायची. मग, "तुझ्या बहिणीला म्हणावं, हा काय चहा आहे?"

मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण निर्णयाचा पश्चात्ताप एकदाही झाला नाही. त्यांनी ठरवलं होतं आणि मी ते मोडलं. बरोबर केलं की चूक, हे मला अजून सांगता येत नाही. एवढंच माहीत होतं, की पुन्हा तसंच झालं तर मी पुन्हा अंगठा लावेन.

पावसाळा सरता सरता डॉक्टर मगदूम बाईंनी आम्हाला बोलावलं. नवा शमक आला होता. हा पहारा पूर्ण झोपवत नाही, पेंगुळता ठेवतो. सांधे थोडे दुखत राहतील, सर्दी झाली तर ताप येईल, बोटं आहेत त्यापेक्षा बिघडणार नाहीत. भोपळ्याला तोंड लावायचं मात्र बंद.

"मग भोपळा कळणार कसा?" अब्बा खेकसले.

"इनायतला वाजवून बघू दे टिचकीने."

"त्याला काय कळतंय डोंबल!" पण दंड त्यांनी पुढे केला.

कुपी बसली. डॉक्टरांनी यंत्र टेबलावर ठेवलं आणि जरा घसा खाकरला. "चाचा, राखणदार नव्याने नेमावा लागेल. कोण?"

मी खिडकीबाहेर पाहू लागले. आमचं घरीच ठरलं होतं, म्हणजे कुणी बोललं नव्हतं, पण ठरलं होतं. इनायतने बाही सावरली आणि अंगठा काचेकडे नेला.

अब्बांनी आपल्या वाकड्या हाताने त्याचा हात बाजूला सारला.

"तू नको," ते म्हणाले. "तू माझं ऐकतोस."

मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि वस्सकन अंगावर आले, "उभी काय राहिलीस? लाव अंगठा!"